पतनमुक्त कुडवेळ

परसदारच्या गडग्यापाशी पोचताच हेमांगी मयेकरचे गुडघे तिला न विचारता वाकले आणि ती गडग्यावर बसली. बसली म्हणजे बसवली गेली. कमरेपासून पावलांपर्यंत आवळलेल्या पट्ट्यांनी तिला अलगद, लहान मुलाला पाटावर बसवावं तसं जांभ्याच्या दगडावर टेकवलं. कमरेच्या डबीतून एका बाईचा समजूतदार आवाज आला.

"हेमांगीताई, आज कलमांच्या वाडीत जाणं टाळलेलं बरं. उतार ओला आहे. तुमची झोपही नीट झालेली नाही. घरात आणि अंगणात फिरायला मी आहेच."

"मला वाडीतच जायचंय," हेमांगी म्हणाली.

"समजलं. पण आज नको."

हेमांगीने दोन्ही हात दगडावर टेकून उठायचा प्रयत्न केला. पट्टे जागचे हलले नाहीत. गडग्यापलीकडे, उताराच्या पायऱ्या-पायऱ्यांवर तिची रोपवाटिका होती. आंब्याच्या कोयी रुजून वर आल्या होत्या, त्यांची पानं अजून तांबूस होती. कोय कलम बांधायचं ते याच दिवसांत. पानं हिरवी झाली की खोड निबर होतं आणि जोड धरत नाही. आदल्या संध्याकाळी जुन्या पायरी आंब्याच्या झाडावरून उतरवून घेतलेल्या कलमाच्या काड्या ओल्या फडक्यात गुंडाळून तिच्या टोपलीत होत्या. त्या फार तर उद्यापर्यंत टिकल्या असत्या.

ती बसून राहिली. श्रावणातलं ऊन आलं आणि गेलं. मग तिने नगरपरिषदेच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

पलीकडच्या मुलीने नाव-गाव विचारून घेतलं आणि म्हणाली, "तुमची मर्यादा 'अत्यल्प'वर आहे ना, म्हणून थांबवतंय ते. गेल्या आठवड्यात बदललीये."

"कोणी बदलली? मी तर हात लावला नाही."

"तुम्हाला लावताच येत नाही ना, ताई. ते पालकाकडे असतं."

"माझे आईवडील जाऊन जमाना झाला."

"तसे पालक नाही हो. तुमच्या नोंदीत जे पालक म्हणून आहेत ते. रेवा मयेकर."

रेवा तिची मुलगी. सव्वीस वर्षांची, पुण्यात फिजिओथेरपिस्ट.

*

हेमांगी कोकणातल्या या कुडवेळ गावात जन्मली, वाढली, आणि नवरा लवकर गेल्यावर याच उतारावर कलमं बांधून तिने मुलीला शिकवलं. तिच्या हातचं कलम सहसा मरत नाही, असं आजूबाजूच्या गावांत बोललं जायचं. पन्नाशीच्या आसपास तिच्या मणक्यात गाठ निघाली. गाठ काढली, जीव वाचला, पण पायांचं काहीतरी कायमचं हरवलं.

डोळे मिटले तरी आपला पाय कुठे आहे, गुडघा किती वाकलाय, हे आपल्याला कळतं. स्नायू आणि सांधे सतत मेंदूला खबर देत असतात आणि मेंदू त्या खबरीवर चालत असतो. ही खबर मणक्यातून जाते. हेमांगीची नेमकी तीच वाट तुटली. पायांत ताकद थोडीफार होती, पण पाय कुठे आहेत हे तिला डोळ्यांनी बघूनच कळायचं. मान वर केली की ती पडायची.

एकदा ती वाडीतच पडली आणि दुपारभर पडून राहिली. सुट्टीला आलेली रेवा संध्याकाळी शोधत गेली तेव्हा आई पालथी पडलेली होती आणि तिच्या पायांना मुंग्या लागल्या होत्या. पायांना ते कळलंही नव्हतं.

पुढच्या वर्षी 'पाठराखण' योजना आली. सगळ्या नगरपरिषदांनी आपापल्या हद्दीतल्या अपंग आणि वृद्ध माणसांच्या काळजीचं काम हाती घ्यायचं, असा नवा कायदा झाला होता, त्यातली ही योजना. तिच्यात हे पट्टे मिळाले. विजेचा हलका इशारा मिळाला की खऱ्या स्नायूसारखे आखडणारे धागे त्यांत विणलेले होते. कातडीला लागून असलेल्या चकत्या माणसाच्या स्नायूतली क्षीण हालचाल टिपायच्या, तळव्याखालच्या चकत्या जमीन वाचायच्या आणि कमरेची डबी या सगळ्याचा मेळ घालायची. चालताना माणूस पडतो त्याच्या दोन-एक सेकंद आधीच त्याच्या चालीत पडणं सुरू झालेलं असतं, फक्त त्याला ते ठाऊक नसतं. डबीला ठाऊक व्हायचं. ती धागे आखडून तोल सावरायची. कागदोपत्री नाव पाठराखण, पण गावातल्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात तिची पाठराखीण केली. नव्या नवरीबरोबर सासरी जाते ती पाठराखीण.

हेमांगी पुन्हा चालू लागली. मान वर करून. पाखाडीच्या जांभ्याच्या पायऱ्या उतरून बाजारात, आणि उतारावरून वाडीत. त्या दोन वर्षांत तिने बांधलेली कलमं आज तालुकाभर उभी आहेत.

मग गेल्या दिवाळीत डबी बदलली. वयस्कर माणूस पडला, खुब्याचं हाड मोडलं, की अंथरूण धरतो आणि पुष्कळदा त्यातून उठत नाही. तेव्हा पडताना सावरण्यापेक्षा पडण्याच्या जागी जाऊच न देणं शहाणपणाचं, असं कोणाच्या तरी डोक्यात आलं. आणि ते चुकीचं आहे असं पटकन म्हणता येत नव्हतं. नवी डबी हवामान बघायची, माणसाची झोप बघायची, आदल्या दिवशीचा थकवा आणि नेहमीच्या रस्त्यांचा चढउतार बघायची आणि सकाळी एक आकडा काढायची. आज हा रस्ता घेतला तर पडायचा धोका इतका. आकडा ठरल्या मर्यादेच्या वर गेला की पट्टे त्या रस्त्याला लागायचेच नाहीत.

राज्यभर नगरपरिषदांची चढाओढ लागली. कुडवेळच्या वेशीवर मोठा फलक लागला, 'पतनमुक्त कुडवेळ, जिल्ह्यात प्रथम'. नाक्यावरच्या चहावाल्याने फलक वाचून विचारलं होतं, "म्हणजे आता गावात कोणी बिघडणारच नाही का?" लोक हसले. फलक राहिला.

*

"आई, मला रोज सकाळी तुझा आकडा येतो," रेवा फोनवर म्हणाली. "चहाच्या आधी मी तो बघते. गेल्या आठवड्यात तीन दिवस तो लाल होता आणि तू तरी गेलीस, कारण मर्यादा 'मध्यम'वर होती. मी इथे पेशंटच्या गुडघ्याला हात लावून बसलेय आणि डोक्यात तू."

"मला विचारायचंस तरी."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

"नसते म्हणाले."

"मग?"

हेमांगीने टोपलीतलं ओलं फडकं उघडून बघितलं. "काड्या सुकतायत, रेवा."

"गड्याला सांग ना कोणाला तरी. पैसे मी पाठवते."

"मी कलमं बांधायला माणूस लावू?"

"आई, मी तुला मुंग्यांतून उचललंय." रेवाचा आवाज बारीक झाला. "ते तू बघितलं नाहीस. मी बघितलंय. मला ते परत बघायचं नाहीये."

हेमांगीने फोन ठेवला. काड्या त्या संध्याकाळी पाण्यात ठेवल्या, दुसऱ्या दिवशीही आकडा लालच राहिला, आणि तिसऱ्या दिवशी त्या तिने चुलीत घातल्या.

सपाट रस्त्याला पाठराखीण हरकत घेत नव्हती, म्हणून त्या आठवड्यात हेमांगी गजानन नाटेकरांकडे गेली. नाटेकर एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची डावी बाजू गेली होती आणि त्यांनाही तिच्याच बरोबर पट्टे मिळाले होते. पट्टे लावून ते रोज जेटीपर्यंत जायचे, होड्या लागताना बघायचे, कोणाच्याही टोपलीतली मासळी उचलून भाव पाडायचे. दिवाळीनंतर ते जेटीवर दिसेनासे झाले होते. त्यांच्या घराकडून जेटीकडे उतरायला पाखाडीच्या पायऱ्या होत्या.

ते खुर्चीत बसले होते. पट्टे लावलेले होते, पण आतले पाय पट्ट्यांना सैल पडत होते.

"पोराने मर्यादा सगळ्यात खाली ठेवलीये," ते म्हणाले. "मस्कतला असतो. तिकडून त्याचा जीव घाबरतो."

"तुम्ही सांगा ना त्याला, भाऊ."

"काय सांगू गो? जिवावर उदार होतो म्हणून सांगू? मी पडलेलो नाही, हे खरं ना." त्यांनी चांगल्या हाताने मांडी चाचपली. "आधी पाखाडीला अडवायचं. आता दारापर्यंत गेलो तरी नको म्हणतं. पायांत बळ उरलेलं नाही, म्हणून आकडा वाढतो. आकडा वाढतो म्हणून बसवतं. बसलो की बळ आणखी जातं. पाठीला जखम झालीये बसून बसून. नर्स येते पुसायला."

"आणि नगरपरिषद काय म्हणते?"

"त्यांनी सत्कार केला माझा. वर्षभरात एकदाही पडलो नाही म्हणून." नाटेकर भिंतीकडे बघत होते. तिथे नारळ आणि शालीचा फोटो होता.

घरी परत येताना हेमांगी वेशीच्या फलकाखाली थांबली. हात वर केला असता तर 'पतन' या शब्दापर्यंत पोचला असता. फाडून काढावासा वाटला तिला. पण फलक फाडून काही व्हायचं नव्हतं. त्याच दुपारी तिने नगरपरिषदेच्या देखरेख समितीकडे अर्ज दिला.

*

ही समिती कायद्यानेच नेमलेली होती. काळजीची आणि आरोग्याची कामं नगरपरिषद कशी करते यावर नगरसेवकांनी लक्ष ठेवायचं आणि दर महिन्याला जाहीर सुनावणी घ्यायची. आजवर सुनावणीला कोणी आलंच नव्हतं. चहा व्हायचा, पडलेल्यांचा आकडा वाचला जायचा, टेबलं वाजायची.

सुनावणी पहिल्या मजल्यावरच्या सभागृहात होती. लिफ्ट बंद होती. जिन्याच्या पहिल्या पायरीशी हेमांगी पोचली आणि पट्ट्यांनी तिला बाजूच्या बाकावर बसवलं.

"हा जिना तुमच्यासाठी आज सुरक्षित नाही," डबी म्हणाली.

मुख्याधिकारी सोनटक्के खाली धावत आले. तरुण माणूस, कामाचा, सुट्टीच्या दिवशीही गटारांवर उभा दिसणारा. ते खरोखरच ओशाळले होते. "ताई, माफ करा. लिफ्टचा माणूस उद्या येतोय. तुम्ही इथूनच बोला, मी वर पडद्यावर तुम्हाला दाखवतो. सगळे ऐकतील."

"सुनावणी कुठे आहे?"

"वर."

"मग मी वर बोलणार."

तिने वाकून पोटऱ्यांचे पट्टे सोडले, मग मांड्यांचे, मग कमरेचा. डबी बारीक शिट्टी वाजवू लागली. पट्टे सुटले की पालकाला आणि कार्यालयाला सूचना जाते. सोनटक्क्यांच्या खिशातला फोनही वाजायला लागला. त्यांनी तो बंद केला.

"हे तुम्ही घ्या वर," हेमांगी म्हणाली आणि पट्ट्यांचा गठ्ठा त्यांच्या हातात दिला.

मग बाकावरून ती जमिनीवर उतरली आणि जिन्याकडे पाठ करून पहिल्या पायरीवर बसली. तळहात मागच्या पायरीवर टेकले, अंग उचललं, वर बसली. पाय मागून ओढले गेले, चपला खालीच राहिल्या. पुन्हा तळहात, पुन्हा अंग. कराच्या खिडकीपाशी रांगेत उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. एक बाई पुढे आली, तेव्हा हेमांगीने मान हलवली आणि बाई जागीच थांबली. सोनटक्के दोन पायऱ्या खाली, पट्टे छातीशी धरून, तिच्या वेगाने वर येत होते. त्यांना कुठे बघावं हे कळत नव्हतं.

वळणावर तिचा फोन वाजला.

"आई, पट्टे काढलेस?"

"हो."

"कुठे आहेस तू?"

"नगरपरिषदेच्या जिन्यात. बसून चढतेय. बोलायला दम नाहीये, रेवा. वर पोचल्यावर बघू."

सभागृहाच्या दारात ती पोचली तेव्हा तिच्या ड्रेसची पाठ घामाने चिकटली होती आणि दोन्ही तळहात लाल झाले होते. आत कोणीतरी खुर्ची आणली. तिने खुर्चीचे हात धरून स्वतःला वर घेतलं.

अध्यक्षा होत्या नगरसेविका दीपश्री आंबेरकर. हेमांगी आणि त्या एकाच शाळेत होत्या, पण ती ओळख त्यांनी इथे काढली नाही. "हेमांगीताई, तुमची जिद्द मोठी आहे. पण मला एक सांगा, आत्ता जिन्यात तुमचं काही बरंवाईट झालं असतं तर जबाबदारी कोणाची होती?"

"माझी."

"असं म्हणता येत नाही. बातमीत आमचं नाव येतं. या गावात वर्षभरात लाभार्थी पडल्याची एकही नोंद नाही. त्या आधीच्या वर्षी दोघं खुब्याचं हाड मोडून गेले. ते माझ्याच वॉर्डातले होते, त्यांच्या घरी मी गेले होते. तुम्हाला काय हवंय? परत तसं व्हावं?"

"मला चालायचंय," हेमांगी म्हणाली. "तुम्ही मोजता कोण पडलं ते. कोण चाललं ते मोजता का? नाटेकरभाऊ पडले नाहीत, कारण ते उठलेच नाहीत. आधी जेटीपर्यंत जायचे. आता दारापर्यंत जाता येत नाही त्यांना. त्यांच्या पाठीला जखम आहे. ती कोणाच्या नावावर लिहिता तुम्ही?"

आंबेरकरांनी सोनटक्क्यांकडे बघितलं. सोनटक्के उभे राहिले. "लाभार्थी किती चालतात याची माहिती डबीत असते. समितीने ती आजवर मागितलेली नाही." हातातले पट्टे पुढ्यात ठेवत ते म्हणाले, "आणि मीही दिली नाही. चालणं निम्म्यावर आलंय, मॅडम. बऱ्याच जणांचं त्याहून कमी."

सभागृहात चुळबुळ झाली. आंबेरकर समोरचे कागद सारखे करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "धोरणाचं पुढच्या बैठकीत बघू. पण तुमचा प्रश्न आज सुटू शकतो. ऑपरेशननंतर तुम्हीच सही करून मुलीला पालक नेमलंय. मुलीने संमती दिली तर आत्ता नाव काढतो. लावा फोन."

हेमांगीने फोन लावला आणि टेबलावर ठेवला. सोनटक्क्यांनी रेवाला सगळं समजावून सांगितलं. समितीचे सगळे सदस्य पुढे झुकून ऐकत होते.

"नाही," रेवा म्हणाली. "मी संमती देणार नाही."

"रेवा," हेमांगी म्हणाली.

"नाही, आई. आत्ता तू काय केलंस ते बघ. पुणे ते कुडवेळ किती लांब आहे, माहितीये ना? मी नाही देणार."

फोन बंद झाला. बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होईना. आंबेरकर हळू आवाजात म्हणाल्या, "मुलीचा जीव आहे तुमच्यावर. मीही तेच केलं असतं."

हेमांगीने सोनटक्क्यांच्या पुढ्यातला पट्ट्यांचा गठ्ठा ओढून टेबलाच्या मधोमध ठेवला.

"हे ठेवा तुमच्याकडे," ती म्हणाली. "ही पाठराखीण माझ्या पायांना नाही, लोकांच्या भीतीला बांधलीये. मला नको."

"अहो, याच्याशिवाय तुम्ही चालणार कशा?"

"चालणार नाही. सरकेन."

आणि ती खुर्चीवरून खाली उतरली.

*

पुढचे दिवस कठीण गेले. तिने जाड गोणपाटाची घडी करून ती कमरेला बांधली आणि बसल्या बसल्या सरकत उतरणीच्या वाटेने वाडीत गेली. जायला सकाळ लागायची. पायांना खरचटलेलं कळत नसल्यामुळे संध्याकाळी दिवा लावून ती पाय तपासायची आणि जिथे रक्त दिसेल तिथे हळद लावायची. पण गादीवाफ्यांच्या मध्ये बसल्यावर तिचे हात तिचेच होते. कोयीचं तांबूस रोप उपटायचं, शेंडा छाटायचा, खोडाला उभी चीर द्यायची, काडीला पाचर करून ती चिरेत बसवायची, पट्टी गुंडाळायची, पिशवीत लावायचं. एकामागून एक. पायरीच्या झाडावर चढून काड्या काढून द्यायला तिने माणूस लावला. बांधायला नाही.

तिच्या हट्टाची बातमी तिच्या आधी गावात फिरली होती. पहिले पट्टे रिक्षात घालून नाटेकरांनी परत पाठवले. सोबत निरोप होता की तसंही बसूनच राहायचंय, तर आवळून कशाला बसायचं. मग मोहल्ल्यातल्या रुक्साना मुकादम यांनी पाठवले, मग आणखी काहींनी. वापरात असलेल्या पट्ट्यांच्या हिशोबावर गावाचा क्रमांक ठरायचा. सोनटक्क्यांच्या कार्यालयातल्या टेबलावर ढीग होत गेला. तो ढीग त्यांनी कपाटात ठेवला नाही, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असाच राहू दिला.

रेवाचा फोन आला नाही. हेमांगीनेही केला नाही.

मग एका सकाळी वाडीत पिशव्या लावत असताना मागे पावलं वाजली. ती आवाजावरून ओळखूनही वळली नाही. रेवा उतार उतरून आली आणि आईच्या शेजारी, चिखलातच, पुण्याच्या कपड्यांनिशी बसली. बराच वेळ ती आईचे तळहात बघत होती. ते फुटले होते आणि फोडांवर चीक वाळला होता.

"मी सगळ्यांच्या समोर नाही म्हटलं," रेवा म्हणाली. "तुला अपमान वाटला असेल."

"राग आला."

"अजून आहे?"

"आहे."

रेवाने एक काडी उचलली, उगीच बोटांत फिरवली. हेमांगीने ती तिच्या हातातून काढून घेतली. "फिरवू नको, साल निघते."

"आई, मला तो आकडा दिसला नाही तर मी दिवसभर काय करू?"

हे तिने भांडणाच्या सुरात विचारलं नव्हतं. खरंच माहीत नसल्यासारखं विचारलं होतं. हेमांगीने चाकू बाजूला ठेवला.

"तू शिकायला गेलीस तेव्हा मला कोणी आकडा देत नव्हतं. मैत्रिणीच्या गाडीवर मागे बसून पावसात लोणावळ्याला गेलीस ते मला आठ दिवसांनी कळलं. मी काय केलं असेल दिवसभर? कलमं बांधली. तुला घरात कोंडलं नाही."

"मी तुझी मुलगी होते. तुझे पाय—"

"माझे पाय गेलेत. अक्कल गेलेली नाही. मी पडेन, रेवा. हे मी तुझ्यापासून लपवत नाही. पडेन, लागेल, एखादवेळी जास्त लागेल. पण त्या खुर्चीत बसून नाटेकरांसारखी वर्षभर थोडी थोडी मरणार नाही. फिजिओ आहेस तू. न चालणाऱ्या पायाचं काय होतं हे मी तुला सांगायला हवं?"

रेवा रडली. हेमांगीने तिला रडू दिलं आणि पुढचं रोप हातात घेतलं. ते बांधून होईपर्यंत रेवाने डोळे पुसले होते.

"मला पटलेलं नाही," ती म्हणाली.

"पटू नको. नाव काढ."

*

समितीची पुढची बैठक तळमजल्यावर, कराच्या खिडक्यांपुढच्या मोकळ्या जागेत झाली. लिफ्ट अजून बंदच होती. रेवाने उभी राहून सांगितलं की तिची आई तिच्यापेक्षा शहाणी आहे आणि तिला पालक नको आहे. मग ती समितीला म्हणाली की पट्ट्यांमुळे किती जण पडले नाहीत हे विचारता, तसं किती जणांच्या मांड्या वाळल्या हेही विचारा, ते मोजायला ती स्वतः दर महिन्याला येईल. बाकी लाभार्थ्यांतले जे येऊ शकले ते आले होते. नाटेकरांना चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं होतं.

वाद दुपारपर्यंत चालला. आंबेरकर सहज नमल्या नाहीत. त्यांना ते दोन मृत्यू खरंच आठवत होते. शेवटी ठराव झाला तो असा: ज्याचं मन शाबूत आहे त्याला पालक नेमायचा नाही. पाठराखीण सकाळी आकडा सांगेल, धोक्याची सूचना देईल, पडताना सावरेल, पण अडवणार नाही. आणि समितीपुढे पडलेल्यांच्या शेजारी चाललेल्यांचाही आकडा येईल. ठरावाच्या बाजूने एकच मत जास्त पडलं, आणि ते आंबेरकरांचं होतं. मत देऊन त्या हेमांगीकडे न बघता म्हणाल्या, "पुरस्कार गेला म्हणायचा." महिनाभराने वेशीवरचा फलक उतरला.

नाटेकरांना उशीर झाला होता. वाळलेले स्नायू पट्ट्यांना इशारा देण्याइतकेही उरले नव्हते. रेवा सुट्टीच्या दिवशी येऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घ्यायची, आणि पुष्कळ दिवसांनी ते दारापर्यंत पोचले. जेटी तिथून दिसत नाही. पण ते दारात उभे राहून खाली जाणाऱ्या कोळणींना भाव विचारू लागले.

हेमांगीला पट्टे परत मिळाले. ऑक्टोबरातल्या एका सकाळी डबीने तिला गडग्यापाशी सांगितलं की उतारावर मुरूम सुटलाय आणि आजचा आकडा जास्त आहे.

"ऐकलं," हेमांगी म्हणाली आणि उतरली.

अर्ध्या उतारावर पायाखालचा मुरूम सरकला. पट्टे आखडले, त्यांनी तिला एकदा सावरलं, दुसऱ्यांदा त्यांना जमलं नाही. ती कुशीवर आदळली आणि डावं मनगट अंगाखाली आलं. कळ डोक्यापर्यंत गेली. बराच वेळ ती तशीच पडून धापा टाकत होती. पानांच्या मधून आभाळ दिसत होतं.

"कोणाला कळवू?" डबीने विचारलं.

"कोणालाच नको. मी सांगते."

तिने उजव्या हाताने खिशातला फोन काढला.

"रेवा, पडले गं."

रेवा म्हणाली, "कुठे लागलंय?"

"मनगटाला. सुजतंय. मोडलं असेल."

"बोटं हलतायत?"

"हलतायत."

"मी निघू का?"

हेमांगी कोपरावर उठून बसली. तिथून खालच्या पायऱ्यांवरची बांधलेली कलमं दिसत होती. बहुतेक काड्यांना नवी पालवी फुटली होती, काही वाळल्या होत्या. "संध्याकाळपर्यंत ये. सरकारी दवाखान्यात मी जाते रिक्षाने. तू येताना कलमाच्या पट्टीची गुंडाळी आण, इथली संपलीये."

"एका हाताने बांधणारेस?"

"तू धर, मी बांधेन."

"आणते," रेवा म्हणाली.

हेमांगीने फोन खिशात टाकला, मनगट छातीशी धरलं आणि पुढे झुकली. धागे ताणले गेले. ती उभी राहिली आणि रस्त्याकडे चढू लागली.